नाडकर्णीबाईंचं मत

आमच्या खानावळीच्या भिंतीवर गणपतीच्या फोटोशेजारी अकरा चिठ्ठ्या काच लावून टांगलेल्या होत्या. लखनौच्या तेलीबागेत मराठी जेवणाचे डबे देणारा मी एकटाच, त्यामुळे बँकेतली पोरं, संशोधन संस्थेतली पीएचडीवाली मंडळी, सगळी माझ्याकडे. येणारा प्रत्येक जण त्या चिठ्ठ्या वाचायचा आणि हसायचा. मला वाटायचं, कौतुक वाचून खूश होतायत. मीही त्यांच्याबरोबर हसायचो. मला वाचता येत नव्हतं. बायकोला, सुमनलाही नाही. आमच्या दोघांत मिळून एक सही होती, ती माझी.

चिठ्ठ्या नाडकर्णीबाईंच्या. बाई रायबरेली रोडच्या अलीकडच्या कॉलनीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढून नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. यजमान तिथेच शास्त्रज्ञ होते, ते लवकर गेले. दुपारी माझा डबा जायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी रिकाम्या डब्यात घडी घातलेली चिठ्ठी यायची. अक्षर इतकं सुंदर, की न वाचता येणाऱ्यालाही वाटावं, एवढ्या सुंदर अक्षरात कोणी वाईट कशाला लिहील. म्हणून मी आलमबागेतून फ्रेमा करून आणल्या.

दोन वर्षांनी एकदा डबा पोचायला उशीर झाला, म्हणून बाई छत्री घेऊन स्वतः आल्या. बुटक्या, काठीसारख्या, चष्मा दोरीने गळ्यात. डब्याचं विचारायच्या आधी त्यांची नजर भिंतीवर गेली. त्यांनी एकेक चिठ्ठी वाचली. अकराच्या अकरा. आपलंच लिहिलेलं, पण दुसऱ्याचं असल्यासारखं वाचलं.

"शिंदे, हे कोणी लावलं?"

"मीच, बाई. आपला आशीर्वाद."

"वाचून दाखवू?"

"दाखवा की."

जेवायला बसलेली आठ-दहा पोरं एकदम ताटात बघायला लागली. बाईंनी चष्मा लावला. "आमटीत मीठ नाही. भात कालचा. पोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, त्यांना एकमेकींचा आधार असावा." मग दुसरी. "आमटीत आजही मीठ नाही. हे धोरण असेल तर तसं कळवावं." मग तिसरी. मी हात जोडून उभा होतो, ते हात तसेच राहिले. आतून सुमन बाहेर आली, तिने ऐकलं आणि परत आत गेली. त्या दिवशी संध्याकाळच्या आमटीत तिने दोनदा मीठ घातलं.

बाई हसल्या नाहीत. पोरांकडे बघून म्हणाल्या, "दोन वर्षं तुम्ही सगळे हे वाचत जेवताय. ह्यांना एकानेही सांगितलं नाही?"

एक जण म्हणाला, "मॅडम, भैयाला वाईट वाटलं असतं."

"अच्छा. म्हणून हसलात."

मग माझ्याकडे वळून, "रविवारी चार वाजता घरी या. हात धुऊन."

मी कसा लखनौला आलो ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. बार्शीकडचा एक बँकेतला साहेब मला स्वयंपाकाला घेऊन आला. त्याची बदली झाली तेव्हा त्याने मला परतीचं तिकीट दिलं. मी ते दोन दिवस खिशात जपून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी स्टेशनवर गेलो. गाडी पहिल्याच दिवशी गेली होती. तिकीट तपासनीस म्हणाला, तारीख तो लिखी है इसपर. लिहिली असेल. तेव्हापासून मी लखनौत आहे. माझं अख्खं आयुष्य एका न वाचलेल्या तिकिटावर उभं आहे, हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यात विनोद काय आहे?"

त्यांना विनोद आवडत नसत असं नाही. विनोदाच्या मागे लपलेला माणूस आवडत नसे.

बाईंच्या पुढच्या खोलीत दोन बाजूंना पुस्तकं. डाव्या हाताला पत्र्याचं कपाट, त्यात आयर्लंडच्या कादंबऱ्या. उजवीकडे बुटकं लाकडी रॅक, त्यात लहान मुलांची शिकायची पुस्तकं: दात कसे घासावेत, पाणी कुठून येतं, शेतातले प्राणी, शंभरपर्यंत मोजू या. ही पुस्तकं त्या पुण्याहून मागवत, कॉलनीतल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी. मुलांना मराठी समजायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची.

कादंबऱ्यांचं कारण नीलू. त्यांची एकुलती एक मुलगी आयर्लंडला औषधांच्या कंपनीत होती. मला आयर्लंड नैनितालच्या पुढे कुठेतरी वाटायचं, कारण नीलू आली की स्वेटर घालूनच यायची. दोन-तीन महिन्यांनी ती तिथली एक कादंबरी पाठवायची. "मुलगी राहते तिथली माणसं कशी आहेत हे मुलगी सांगत नाही," बाई म्हणायच्या. "फोनवर म्हणते, सगळं ठीक आहे. कादंबरीत काहीच ठीक नसतं. मला कादंबरी बरी वाटते."

नियम एकच. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आतल्या पुठ्ठ्याला बाईंनी खळ लावून रेघांचा कागद चिकटवलेला असायचा. वाचणाऱ्याने त्यावर आपलं मत लिहायचं. मत लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही. आवडलं नाही तर तसं लिहा, अर्धवट सोडलं तर तसं लिहा, खोटं लिहू नका. पाच वर्षांच्या पोरालाही हाच नियम. शेतातल्या प्राण्यांच्या मागे एकाने लिहिलं होतं: "गाय अच्छी है। मगर गाय को कुछ करना चाहिए था।" दात घासायच्या पुस्तकामागे फक्त: "मैं नहीं मानता।" बाईंनी त्यावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. त्यांच्या मते मुलांची पुस्तकं कादंबऱ्यांपेक्षा जास्त खोटी होती. "ह्यांत सगळे वेळेवर उठतात, शिंदे. आणि कोणाचे वडील मरत नाहीत."

कादंबऱ्यांमागे मत त्यांचं एकटीचंच. इंग्रजी पुस्तक, मत मराठीत. पुढे मला वाचता यायला लागल्यावर मी ती सगळी वाचली. मला माहीत असलेलं आयर्लंड एवढंच.

"ह्या लेखकाला आई मारल्याशिवाय सुरुवात करता येत नाही. शंभर पानं थांबला असता तर आम्हालाही तिच्याबद्दल काही वाटलं असतं."

"पाऊस चांगला जमलाय. माणसं भिजून घरी येतात, कोणी टॉवेल देत नाही."

"सासू-सुनेचं भांडण आहे, पण दोघी बोलत नाहीत, म्हणून तीनशे पानं लागली. आपल्याकडे एका दुपारचं काम."

चाळिशीतला माणूस मी, दर रविवारी चार वाजता त्या बुटक्या रॅकसमोर मांडी घालून बसायला लागलो. बाजूला बसलेली पोरं माझ्या आधी पान उलटायची. एक मुलगी मला म्हणाली, "अंकल, आप फेल हो गए थे क्या?" मी म्हटलं, नाही बेटा, फेल व्हायला आधी शाळेत जावं लागतं.

सहा-सात महिन्यांनी अक्षराला अक्षर लागायला लागलं. पाणी कुठून येतं, हे पुस्तक घरी नेलं. दोन आठवड्यांनी परत आणलं आणि मागे लिहिलं: "छान आहे. चित्रं बरी." बाईंनी ते वाचलं, पुस्तक मधोमध उघडलं आणि एक वाळलेलं कडुनिंबाचं पान मला दाखवलं.

"हे इथे मी ठेवलं होतं. तेराव्या पानावर. ते इथेच आहे."

बाईंच्या प्रत्येक पुस्तकात कडुनिंबाचं पान असायचं. कसर लागू नये म्हणून, असं मला वाटायचं. ते खरंच होतं, पण अर्धंच. ते वाळलेलं पान इतकं पातळ आणि ठिसूळ, की पुस्तक वाचलं तर ते सरकतं, नाहीतर मोडतं. वाचणाऱ्याने ते उचलून आपण थांबलो तिथे ठेवायचं. एकतीस वर्षं ग्रंथालयात त्यांनी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना असं पकडलं होतं.

"बाराव्या पानापर्यंत वाचलंत. पाणी ढगात गेलं आणि तुम्ही त्याला तिथेच सोडून दिलंत," बाई म्हणाल्या. "खोडा ते."

मी खोडलं आणि लिहिलं: "पाणी वर गेलं. पुढचं माहीत नाही." त्यावर लाल खूण मिळाली. माझ्या आयुष्यातली पहिली.

त्यानंतर बाई मला कादंबऱ्या सांगायला लागल्या. रविवारी पोरं गेली की चहा व्हायचा आणि बाई त्या आठवड्यात वाचलेली गोष्ट सांगायच्या. कुणाचा मुलगा बोटीने परदेशी गेला, कुणाचा बाप दारू पिऊन शेतात पडला, कुणाची बहीण कुणाला न सांगता कुठे पाठवून दिली. सांगून झालं की विचारायच्या, "तुमचं मत?" मी आपला खानावळवाला. एकदा म्हटलं, "बाई, तीनशे पानांत ह्या लोकांनी नुसता उकडलेला बटाटा खाल्लाय. फोडणी नाही, कोथिंबीर नाही. दुःखी होणार नाहीत तर काय?" बाईंनी कपाटातून ती कादंबरी काढली आणि आपल्या मताखाली लिहिलं: "शिंदे, खानावळ, तेलीबाग: फोडणी नसल्याने माणसं दुःखी आहेत." नीलू पुढच्या खेपेला आली तेव्हा तिने ते वाचलं. म्हणाली, "काका, तिकडच्या एका पेपरवाल्यानेही एवढं खरं लिहिलेलं नाही." मी चार दिवस जमिनीवर नव्हतो.

नीलू परत गेली त्याच्या नंतरच्या रविवारची गोष्ट. कादंबरी एका म्हाताऱ्या बाईची होती. ती हळूहळू सगळं विसरते आणि मुलगी तिला शहरातल्या एका संस्थेत ठेवते. बाईंनी गोष्ट अर्ध्यातच थांबवली.

"शिंदे, माझी आई अशी गेली. मावशीही. शेवटी मावशी माझ्याच घरी मला पाहुणी समजून चहा विचारायची."

मी काहीतरी गमतीचं बोलणार होतो. त्यांनी बोट वर केलं.

"ऐका. माझं मत खोटं व्हायला लागेल त्या दिवशी मला सांगायचं. नीलूला नाही, मला. तोंडावर. मला अजून कळत असताना मला ठरवायचंय, कुठे राहायचं, कोणाकडे. बाकी कोणी सांगणार नाही. सगळे शिकलेले आहेत, त्यांना वाईट वाटेल. तुम्ही सांगाल?"

"सांगेन की बाई. तुमच्याकडून अकरा चिठ्ठ्यांचा बदला घ्यायचाच आहे."

"हसू नका. सांगाल?"

"सांगेन."

त्यानंतर तीन-चार वर्षं काही झालं नाही. मग एका दुपारी रिकाम्या डब्यात चिठ्ठी आली. मी तिथेच रस्त्यात सायकल थांबवून वाचली. आता वाचता येत होतं. "आमटी उत्तम." दोनच शब्द. इतक्या वर्षांत बाईंकडून पहिलं कौतुक. मी घरी जाऊन सुमनला ओरडून सांगितलं, ऐक, बाई काय म्हणतायत.

सुमन भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"आज आमटी नव्हती. कढी होती."

"चुकल्या असतील."

"बाई?" सुमन म्हणाली.

मी ती चिठ्ठी फ्रेम केली नाही.

पुढच्या रविवारी त्या स्वयंपाकघरात चहा करत होत्या तेव्हा मी पत्र्याचं कपाट उघडलं. शेवटच्या तीन कादंबऱ्या काढल्या. तिन्हींच्या मागे मत लिहिलेलं होतं, तेच सुंदर अक्षर. पहिल्यात: "आई मरते. मुलगा परत येत नाही. पाऊस चांगला आहे." दुसऱ्यात: "आई मरते. मुलगा परत येत नाही. पाऊस चांगला आहे." तिसऱ्यातही तेच, शब्दाला शब्द. आणि तिन्हींत कडुनिंबाचं पान पहिल्या पाच-सहा पानांतच. पुस्तकाच्या पुढच्या भागाला हात लागलेला नव्हता.

मला वाचायला शिकवलं कशाला, असं त्या दिवशी वाटलं. शिकल्याचा पहिला खरा उपयोग हा झाला.

चहा घेऊन बाई आल्या. पुस्तकं माझ्या मांडीवर. मी तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलं तर बाहेर आलं, "बाई, ह्या कपाटाला तेल घालायला पाहिजे, फार करकरतं."

दुसऱ्या रविवारी मी कडुनिंबाची तिन्ही पानं पुढे सरकवली.

का, ते मी स्वतःला बऱ्याच तऱ्हांनी सांगून बघितलंय. बाईंना धक्का बसेल. नीलूला कळलं तर ती त्यांना उचलून नेईल, त्या बटाट्याच्या देशात. हे सगळं आहेच. पण खरं सांगायचं तर मी विचार माझाच केला. बाई गेल्या तर रविवारी चार वाजता मी कुठे जाऊ? मला 'तुमचं मत?' असं विचारणारं ह्या जगात दुसरं कोणी नव्हतं. सुमन विचारत नाही, तिला माझं मत आधीच माहीत असतं.

आणि एकदा सरकवल्यावर थांबता येईना. पान एका जागी राहिलं तर संशय. म्हणून दर रविवारी थोडं पुढे. बाई पूर्वी आठवड्याला साधारण साठेक पानं वाचायच्या, मी तेवढंच सरकवायचो. शंभरपर्यंत मोजू या, हे पुस्तक मी पुरं वाचलं होतं, तेही इथे कामी आलं. ज्या हिशेबीपणाने मी हे केलं, त्याच्या निम्म्याने आमटी केली असती तर अकरा चिठ्ठ्या आल्या नसत्या.

एका रविवारी बाईंनी स्वतःच एक कादंबरी उघडली. पान निम्म्याच्या पुढे होतं. त्या बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या.

"इथवर वाचलंय मी?"

"दिसतंय तर तसं."

"मला एक नाव आठवत नाही ह्यातलं."

"पुस्तकच तसलं असेल, बाई. लक्षात राहण्यासारखं नसेल."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे सरळ बघितलं. "शिंदे, माझं मत ठीक असतं ना अजून?"

इतकं सरळ कोणी मला कधीच काही विचारलं नव्हतं. ह्या एका प्रश्नासाठी त्यांनी मला ठेवलं होतं. मी म्हटलं, "बाई, तुमचं मत आणि आमची आमटी, दोन्हीत कधी बदल होत नाही."

आणि बाई हसल्या. चांगल्या खळखळून. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसवलं, ते असं.

त्या थंडीत नीलू तीन आठवड्यांसाठी आली. तिला शेजारच्या मिश्राजींनी फोनवर काहीतरी सांगितलं होतं, गॅस चालू राहिला होता म्हणून. मी डबा घेऊन गेलो तर ती कपाटासमोर उभी. आईच्या शिस्तीत वाढलेली मुलगी, तिने बरोबर तेच केलं. आपण पाठवलेली शेवटची कादंबरी काढली आणि पान कुठे आहे ते बघितलं. दोनशे बारावर होतं. मला आकडा पाठ आहे, मीच ठेवलं होतं.

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "काका, मिश्रा अंकलने मला घाबरवून सोडलं होतं. आई तर अजून वाचतेय." मग पुस्तक जागेवर ठेवत म्हणाली, "मी तिला न्यायचं म्हणून आले होते. पण वाचतेय तोवर इथेच बरी आहे ती. है ना?"

मी म्हटलं, "हाँ."

तेवढंच. एका अक्षराचं खोटं. ती ठरल्या दिवशी परत गेली.

मे महिन्यात एका मंगळवारी मी डबा घेऊन गेलो तर दार सताड उघडं. चपला दारात. रॅकवरून एक पुस्तक कमी होतं. मिश्राजींची सून म्हणाली, आंटी अकरा वाजता गेल्या, मी विचारलं तर म्हणाल्या लायब्ररीत पुस्तक परत करायचंय, उशीर झालाय.

लायब्ररीतून त्यांना रिटायर होऊन दहा वर्षांवर झाली होती.

लखनौतला मे महिना, दुपारचा भाजणारा वारा, लू, आणि त्या अनवाणी. आलमबागेत तेव्हा मेट्रोचं खोदकाम चाललं होतं. रस्ते पत्रे लावून बंद केलेले, टेम्पो रोज नव्या रस्त्याने जायचे, रोजची माणसं हरवत होती. आम्ही सगळीकडे फिरलो. मी, मिश्राजी, खानावळीतली पोरं. पोलिसात फोटो दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आलमबागच्या बस अड्ड्यामागे एका पाणपोईच्या आडोशाला सापडल्या. छातीशी पुस्तक धरलेलं. पाणी कुठून येतं. ओठ फाटलेले. तळपाय मी बघितले, त्याबद्दल लिहीत नाही. डाव्या पायाची तीन बोटं डॉक्टरांना काढावी लागली.

मला बघून त्या म्हणाल्या, "भैया, लायब्ररी किधर है?"

माझ्याशी त्या कधी हिंदीत बोलल्या नव्हत्या.

नीलू तिसऱ्या दिवशी पोचली. दवाखान्याच्या जिन्याखाली बाकड्यावर ती बसली होती, स्वेटर मांडीवर. मी चहा नेला. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पाच महिन्यांत एवढं कसं झालं, काका? डॉक्टर म्हणतात हे वर्ष-दोन वर्षांचं आहे. मी म्हटलं शक्यच नाही. डिसेंबरात ती दोनशे बाराव्या पानावर होती."

चहाचा कप तिच्या हातात देऊन मी सांगितलं. "पान मी सरकवलं होतं."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"किती वेळा?"

"दर रविवारी."

"केव्हापासून?"

"एक वर्षाच्या वर."

"आणि आईने? तिने तुम्हाला काही विचारलं नाही कधी?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मी गंमत केली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त मराठीतून हिंदीत गेली, आणि मला काका सोडून आप म्हणाली. "मैं वो नीम का पत्ता देखकर वापस चली गई थी। आप एक बार बता देते।" चहा तिने प्यायला नाही. कप बाकड्यावर ठेवून वर गेली.

जे व्हायला नको म्हणून मी पानं सरकवत होतो, तेच झालं, फक्त जास्त वाईट तऱ्हेने. आता बाईंना विमानात बसवण्यासारखं राहिलं नव्हतं. नीलूने चिनहटच्या बाजूला एक संस्था शोधली. फ्लॅट रिकामा केला. मुलांची पुस्तकं कॉलनीत वाटली. कादंबऱ्यांचं कपाट तिने टेम्पोत घालून माझ्या खानावळीत पाठवलं. सोबत निरोप नाही, काही नाही. सदतीस कादंबऱ्या, ज्यांतली एक ओळही मला वाचता येत नाही. शेवटचे रेघांचे कागद सोडून. चार महिन्यांनी तिचा फोन आला. "गुरुवारी आईला डबा द्याल?" एवढंच. आजपर्यंत ती माझ्याशी ह्यापेक्षा जास्त बोललेली नाही.

गुरुवारी मी जातो. तेलीबागेहून चिनहट म्हणजे शहराच्या ह्या टोकाहून त्या टोकाला. बाई खिडकीशी खुर्चीत असतात. मी कोण हे त्यांना माहीत नसतं, पण डबा आला की पदर सारखा करतात.

सुरुवातीला एकदा मी डब्याबरोबर एक कादंबरी नेली. मागचा कागद वाचून दाखवला. "ह्या लेखकाला आई मारल्याशिवाय सुरुवात करता येत नाही..." मी अडखळत वाचतो, त्या मान कलती करून ऐकत होत्या.

"कोणी लिहिलंय?"

"एका बाईंनी."

"हिने वाचलंय पुस्तक," त्या म्हणाल्या. "कडक बाई दिसते."

मला एकदम जोर आला. पुढच्या गुरुवारी मी दुसरी नेली आणि घाईत बघितलं नाही कोणती आहे ते. वाचायला लागलो. "आई मरते. मुलगा परत येत नाही. पाऊस चांगला आहे." मध्येच कळलं, पण तोवर वाचून झालं होतं.

बाईंच्या कपाळावर आठी आली. तीच, जुनी.

"हे खोटं आहे. न वाचता लिहिलंय."

"हो बाई."

"तिला कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

"घरात कोणी नव्हतं?"

"एक जण यायचा. रविवारी."

"त्याला वाचता येत नसेल," बाई म्हणाल्या. माझी बाजू घेतल्यासारखं.

"येत होतं, बाई. चांगलं शिकवलं होतं त्याला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओळखतील, आता बोट वर करतील. पण त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं होतं, तिथे कोणीतरी पाईपने अंगणात पाणी मारत होतं. पुस्तकातलं कडुनिंबाचं पान निघून त्यांच्या मांडीवर पडलं होतं. त्यांनी ते बोटाने चुरलं.

त्यानंतर बोलणं कमी होत गेलं, मग थांबलंच. गेल्या गुरुवारी मी सुमनला म्हटलं, आज बाईंच्या आमटीत मीठ घालू नकोस. तिने का म्हणून विचारलं नाही. वेगळी काढून ठेवली.

तिथली आया वाटीने त्यांना भरवत होती. मी दारात उभा राहिलो. पहिला घोट गेला. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होतो. दुसरा गेला. तिसरा. बाई शांतपणे तोंड उघडत होत्या. वाटी संपली. आयाने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, "देखिए भैया, आपका खाना कितने चाव से खाती हैं। एक बूँद नहीं छोड़ी।"

घरी आलो. सुमन दारातच होती.

"काय म्हणाल्या?"

मी रिकामा डबा तिच्या हातात दिला. तिने झाकण उघडून आत बघितलं, सवयीने, चिठ्ठी आहे का ते. मग आत जाऊन घासायला टाकला.